पंचेचाळीस अधिक पाच

पंखा नुसता गुणगुणायचा, फिरायचा नाही.
मग मी जाळीतून उलथन्याचा दांडा घालून
पात्याला जरा ढकलायचे,
की निघायचा कुरकुरत,
शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखा.
दोन रात्री असंच. तो थांबला की मला जाग यायची,
आणि मी गाऊनवर, हातात उलथनं घेऊन मागच्या अंगणात.
टूसॉनमध्ये जुलैत रात्री दोनलाही
भिंतीला टेकवत नाही.

कंपनी म्हणाली, गुरुवार.
तेव्हा सोमवार होता.

शेजारच्या रमोना ओचोआ कुंपणावरून म्हणाल्या,
‘कपॅसिटर. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा जातो.’
त्यांचं वय एक्याऐंशी. नवऱ्याचा मीटर त्यांनी
चहाच्या किटलीच्या शेजारी ठेवलेला.
त्यांनी बॅटरी धरली, मी स्क्रू काढले.

आधी घरातला ब्रेकर. मग भिंतीवरच्या पेटीतला ठोकळा
ओढून काढला, खिशात टाकला.
‘खिशातच ठेव,’ त्या म्हणाल्या,
‘पेटीवर ठेवशील तर कुणीतरी शहाणा परत लावेल.’
घरात आम्ही दोघीच होतो.

पत्रा निघाला. आत
चांदीच्या रंगाचा डबा, वरचं झाकण फुगलेलं,
उन्हात विसरलेल्या ताकाच्या पिशवीसारखं.
तारा तोडल्या तरी ह्याच्या पोटात वीज राहते,
म्हणून रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला.
चट्.
एवढासाच आवाज. रमोनाबाईंनी क्रॉस केला,
माझ्या तोंडून आपसूक ‘आई गं’.

तपकिरी कुठे, पिवळी कुठे, जांभळी कुठे,
फोटो काढला. तरी विश्वास नाही,
म्हणून चिकटपट्टीचे तुकडे लावून लिहिलं:
पंखा. कॉम्प्रेसर. दोघांची.
मीटर म्हणाला: पंचेचाळीसच्या जागी एकेचाळीस,
पाचच्या जागी शून्य पूर्णांक आठ.
म्हणजे थोरला अजून राबत होता,
धाकट्याने मान टाकली होती,
आणि दोघांचा डबा एकच.

ग्रँट रोडच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
‘लायसन्स?’
मी कॉलेजात तीस वर्षं कॅल्क्युलस शिकवलंय, हे
सांगून काही उपयोग नव्हता.
रमोनाबाईंनी स्पॅनिशमध्ये त्याच्या आजीचं नाव विचारलं.
मग दुसरा प्रश्न. मग तिसरा.
एकवीस डॉलर, आणि वर थंड पाण्याची बाटली फुकट.

परत येऊन जुना उचलला, तेव्हा त्याच्यामागे
कॉन्टॅक्टरच्या दोन टोकांच्या मध्ये
मुंग्या. जळलेल्या, एकीवर एक,
मोहरीएवढ्या.
वीज त्यांना बोलावते म्हणतात. का, कुणास ठाऊक.
मी जुन्या टूथब्रशने त्यांना हळू झाडलं,
उगाचच हळू.

पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करची अक्षरं:
२००३, कॅप, डॅरिल.
२०११, मोटर. नाव नाही.
२०१६, पुन्हा कॅप. अरे देवा किती ऊन, डॅरिल.
हे घर मी घेतलं एकोणीस साली.
माझ्याआधीचे सगळे उन्हाळे इथे उभे होते
हजेरीपटासारखे,
आणि मला वाटायचं, हे यंत्र माझ्याबरोबरच जन्मलं.

तारा लावल्या. फोटो पाहिला. चिकटपट्टी पाहिली.
पुन्हा फोटो.
पत्रा बसवण्याआधी मार्कर मागितला
आणि डॅरिलच्या खाली, देवनागरीत:
‘कपॅसिटर. १५ जुलै. मी. बॅटरी: रमोना.’
पुढच्या वेळी जो कुणी उघडेल
त्याला ही अक्षरं
मुंग्यांची रांग वाटली तरी चालेल.

ठोकळा खिशातून काढला. घामाने ओला.
पुसला, बसवला.
घरातले दिवे क्षणभर खाली गेले
आणि पंखा उठला, कुणी न ढकलता.

जुना डबा ओट्यावर आहे.
मऊ कापडात गुंडाळून ठेवलाय, कारण माहीत नाही.
रमोनाबाई हवेच्या झरोक्याखालच्या खुर्चीत
तोंड उघडं टाकून झोपल्यात.
मीटर मांडीवर, अजून चालूच,
आकडा शून्यावर थरथरतोय.
बंद करायला हवा. पण
त्यांचा हात आहे त्याच्यावर.